चेंडू टोकाला पोचतो, वेग शून्य होतो, मग त्वरण शून्य का नाही?

अकरावीच्या घटक चाचणीत तुला विचारलं होतं: चेंडू सरळ वर फेकला, तो सर्वांत उंच पोचला त्या क्षणी त्याचं त्वरण किती? तू शून्य लिहिलंस आणि गुण गेला. बाईंनी लाल शाईत ‘९.८, खालच्या दिशेने’ एवढंच लिहून दिलं. तुझं म्हणणं असं, की तिथे वेग शून्य असतो हे तर सगळेच मान्य करतात. मग थांबलेल्या चेंडूला त्वरण कुठून आलं? आणि दुसरं, ‘ऋण त्वरण म्हणजे वेग कमी होणं’ हे नववीपासून घोकलंय, तर शून्याच्या खाली वेग आणखी कमी कसा होणार?

बाई बरोबर आहेत. पण तू एकटी नाहीस. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय. नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात खिशातून चेंडू काढून हाच प्रश्न विचारतो आणि हात वर करायला सांगतो. निम्म्याहून जास्त हात शून्याच्या बाजूने असतात, त्यात दहावीला पंचाण्णव टक्के मिळवलेलेही असतात. तेव्हा अभ्यास कमी पडला असं समजू नकोस. खरी गोची तुझ्या वाक्यातल्या एका शब्दात आहे, ‘थांबलेल्या’.

थांब्यावर थांबलेली एसटी बघ. आत्ता ती तिथे आहे, सेकंदानेही तिथेच आहे, कंडक्टर चहा पिऊन आला तरी तिथेच आहे. थांबणं हे असं असतं. चेंडू टोकावर असा किती वेळ थांबतो? कितीही छोटा वेळ सांग, एक शतांश सेकंद म्हण, त्या वेळातही तो किंचित वर तरी जातोय किंवा किंचित खाली तरी येतोय. वेग नेमका शून्य असतो तो एका क्षणाला, आणि क्षणाला लांबी नसते. आता उलट विचार कर. त्या क्षणी त्वरणही शून्य झालं आणि शून्यच राहिलं, तर काय होईल? वेग शून्य, आणि त्यात काही बदल होणार नाही असं आपणच ठरवलं. म्हणजे चेंडू छताच्या बल्बसारखा हवेत लटकून राहील. तो लटकत नाही, खाली येतो, त्या अर्थी टोकावरही त्याचा वेग बदलत असला पाहिजे. वेग किती आहे आणि वेग किती बदलतोय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर शून्य आलं म्हणून दुसऱ्याचं शून्य येत नाही.

याच्या उलट उदाहरण एसटीतच मिळतं. ब्रेक लागला की आपण पुढे झुकतो, दांडी घट्ट धरतो. मग गाडी उभी राहते आणि अगदी त्या क्षणी सगळी माणसं एक झोल खाऊन मागे येतात. हा मागचा झोल का बसतो? ब्रेक दाबलेला असेपर्यंत गाडीला मागच्या दिशेने त्वरण होतं. गाडी उभी राहिली आणि ते एकदम शून्य झालं. आपण मात्र पुढे पडू नये म्हणून अंग मागे ताणून धरलेलं असतं, तो जोर आता अनाठायी ठरतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडील एसटीत चालक. मी हे सांगत असताना तो म्हणाला, “सर, बाबा म्हणतात, गाडी उभी राहायच्या जरा आधी ब्रेकवरचा पाय हलका करायचा. नाहीतर मागचे शिव्या घालतात.” शून्य वेग आणि शून्य त्वरण एकत्र गाठण्याचं कसब म्हणतात ते हेच, आणि त्या माणसाने ते कुठल्याही समीकरणाशिवाय कमावलं होतं. चेंडूच्या बाबतीत असा पाय हलका करणारं कोणी नाही. पृथ्वी त्याला वर जाताना जेवढं ओढते तेवढंच टोकावर ओढते, तेवढंच खाली येताना.

आता आकडे घेऊ, कारण इथे नुसत्या शब्दांवर माझाही फारसा विश्वास नाही. चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर फेकला. वरची दिशा धन. एका सेकंदाने वेग ९.८, दोन सेकंदांनी ०, तीन सेकंदांनी −९.८, चार सेकंदांनी −१९.६, म्हणजे चेंडू परत हातात. हवेचा विरोध सध्या सोडून दे. हे आकडे एकाखाली एक लिही आणि प्रत्येक दोन आकड्यांतला फरक काढ. सगळीकडे −९.८. शून्य हे त्या रांगेतलं नुसतं एक स्टेशन आहे, गाडी तिथे उभीच राहत नाही. ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ हे एकक मुलांना गूढ वाटतं, सेकंदाचा वर्ग म्हणजे काय म्हणून विचारतात. त्याला काही अर्थ लावत बसू नकोस. दर सेकंदाला, वेग इतके मीटर प्रति सेकंद बदलला, एवढंच ते आहे. दोनदा ‘प्रति सेकंद’ म्हणायचा कंटाळा केला म्हणून वर्ग आला.

अजून जवळ जाऊ. टोकाच्या एक दशांश सेकंद आधी, म्हणजे १.९ सेकंदाला, वेग +०.९८. एक दशांश सेकंद नंतर, २.१ सेकंदाला, −०.९८. बदल −१.९६, वेळ ०.२ सेकंद. भागाकार कर: −९.८. आणखी बारीक तुकडा घेतलास, ०.०२ सेकंदाचा किंवा ०.००२ सेकंदाचा, तरी उत्तर हलत नाही. ‘क्षणाचं त्वरण’ काढायची रीत हीच: त्या क्षणाच्या अलीकडे-पलीकडे बघायचं. तू फक्त त्या क्षणाकडेच बघत राहिलीस. फोटोत गाडी धावतेय की उभी आहे हे जसं कळत नाही, तसंच हे.

पण डोळ्याला चेंडू थबकल्यासारखा वाटतो, हे मात्र खरं आहे आणि त्याला कारण आहे. टोकाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या एकेक दशांश सेकंदात तो जेमतेम ५ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे पूर्ण ०.२ सेकंद तो त्या शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरमध्येच घुटमळतो. आपला चेंडू १९.६ मीटर उंच, साधारण सहा मजले गेला. एकूण चार सेकंदांपैकी वरच्या अर्ध्या उंचीत त्याने किती वेळ काढला? २.८ सेकंद. सत्तर टक्के वेळ वरच्या तीन मजल्यांवर! व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारायला उडालेला खेळाडू ‘हवेत टांगल्यासारखा’ दिसतो तोही याच हिशेबाने. डोळा खोटं सांगत नाही, हळू असणं त्याला थांबणं वाटतं एवढंच.

मला स्वतःला हे सगळं ज्या उदाहरणाने सर्वांत नीट समजावता आलं ते धरणाचं. जुलै-ऑगस्टमध्ये पेपरात रोज येतं: कोयना धरणाचा साठा इतके टीएमसी (अब्ज घनफूट), आवक इतके क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट), विसर्ग इतका. साठा म्हणजे चेंडूची उंची समज. आवकेतून विसर्ग वजा केला की जे उरतं ते साठा किती झपाट्याने बदलतोय ते सांगतं, म्हणजे तो झाला वेग. आणि पाऊस ओसरल्यावर ही आवक दर तासाला किती घटतेय, ते त्वरण. समजण्यापुरते माझे आकडे घे. विसर्ग दिवसभर ३० हजार क्युसेक. आवक सकाळी सहाला ५० हजार, दुपारी बाराला ४० हजार, संध्याकाळी सहाला ३० हजार, रात्री बाराला २० हजार. दुपारी ‘आवक घटली’ अशी बातमी येते, पण साठा वाढतोच आहे. ज्यांना वेग आणि त्वरण यांतला फरक कळत नाही ते इथे म्हणतील, आवक घटली तर साठा वाढला कसा? संध्याकाळी सहाला आवक-विसर्ग सारखे होतात. साठा सर्वांत जास्त आणि बदलाचा वेग शून्य. हाच आपल्या चेंडूचा सर्वोच्च बिंदू. पण म्हणून आवक घटायची थांबली का? ती त्याच संथ गतीने उतरत होती, सहा तासांना दहा हजार, संध्याकाळी सहाच्या आधीही आणि नंतरही. धरणावरच्या शाखा अभियंत्याला जाऊन सांग की सहा वाजता पाऊस ओसरणं थांबलं होतं, तो चष्म्यावरून बघेल.

आता तुझा दुसरा प्रश्न, उणे चिन्हाचा. ‘ऋण त्वरण म्हणजे मंदन’ हे वाक्य नववीत ठीक असतं, पण त्यात एक अट गाळलेली असते: वस्तू धन दिशेने जात असेल तर. मला विचारशील तर हे वाक्य शिकवूच नये, कारण पुढे ते विसरायला लावण्यात माझे दोन तास जातात. चिन्ह फक्त दिशा सांगतं. वरची दिशा धन धरली तर चेंडूचं त्वरण पूर्ण प्रवासभर −९.८ आहे. वर जाताना वेग धन, त्वरण ऋण, दोघं एकमेकांविरुद्ध, म्हणून चेंडू मंदावतो. खाली येताना वेगही ऋण, त्वरणही ऋण, दोघं एका बाजूला, म्हणून चेंडू जोर धरतो. त्वरण तेच, चिन्ह तेच, आणि परिणाम उलटे. खालची दिशा धन धरलीस तर तेच त्वरण +९.८ होतं आणि चेंडू ‘धन त्वरणाने’ मंदावत वर जातो. निसर्गाला तू कुठली दिशा धन धरलीस याची खबर नसते. मंदावतोय की जोर धरतोय हे बघायचं तर वेग आणि त्वरण यांची चिन्हं शेजारी ठेवून बघायची, एकट्या त्वरणाचं चिन्ह बघून काही कळत नाही.

आणि शून्याच्या खाली वेग कमी होतो का? होतो की! श्रीनगरचं तापमान शून्यावरून उणे पाचवर गेलं तर ते कमीच झालं. वेग शून्यावरून −९.८ झाला म्हणजे संख्या म्हणून कमीच झाला. वाढली ती चाल, म्हणजे दिशा सोडून उरणारा नुसता आकडा. मराठी माध्यमाच्या मुलांना इथे खरं तर फायदा आहे, आपल्याकडे चाल आणि वेग असे दोन स्वच्छ शब्द आहेत. पण बोलताना आपण दोन्हींना ‘स्पीड’ म्हणून मोकळे होतो आणि फायदा घालवतो.

दिशेचं निघालंच आहे तर एक गोष्ट उरकतो. गाडीत ॲक्सिलरेटर किती असतात असं मी विचारतो, आणि उत्तर तीन आहे: रेस, ब्रेक आणि स्टिअरिंग. तिन्ही वेग बदलतात, स्टिअरिंग त्याची दिशा बदलतं. खंबाटकी घाटात गाडीचा काटा ३६ वरून हलला नाही, तरी ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर आतल्या बाजूला २.५ इतकं त्वरण असतं, गुरुत्व त्वरणाच्या पाव. ज्यांना घाट लागतो त्यांच्या पोटाला हे काट्यापेक्षा चांगलं कळतं. उलट ताशी ९०० किलोमीटरने सरळ, एकसारख्या उंचीवरून चाललेल्या विमानात ट्रेवरचा चहा हलत नाही. वेग प्रचंड, त्वरण जवळपास शून्य.

हे सगळं कागदावरचं झालं. तुझ्या हातात फोन आहे, त्यात त्वरण मोजणारा सेन्सर आहे. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीत आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं, त्यात ‘गुरुत्वासह त्वरण’ हा पर्याय निवड. फोन टेबलावर ठेवलास तर तो शून्य दाखवत नाही, ९.८ दाखवतो. इथे गोंधळू नकोस: तो सेन्सर प्रत्यक्षात त्वरण मोजत नाही, टेबल फोनला वर किती रेटतंय ते मोजतो. हातातून सुटलेल्या फोनला कोणीच रेटत नाही, म्हणून मुक्तपणे पडणारा फोन शून्याच्या आसपास दाखवतो. आता फोन छोट्या उशीत गुंडाळ, गादीवर उभी राहा आणि गोल फिरू न देता हातभर वर उडवून झेल. (मी पहिल्यांदा उशीशिवाय केलं होतं, काच बदलायला लागली.) आलेख बघ. फेकताना एक उंचवटा, झेलताना दुसरा, आणि मधे शून्याला चिकटलेली सपाट रेघ. त्या सपाट रेघेत सर्वोच्च बिंदू कुठे आहे, ते मला दाखव. दाखवता येणार नाही. वर जाणं, टोक, खाली येणं, सेन्सरला सगळं सारखंच. टोकावर त्वरण खरंच ९.८ वरून शून्यावर गेलं असतं तर त्या क्षणी रेघेवर टेंगूळ दिसलं असतं. याच आलेखातून आणखी एक भूत उतरतं. हाताने दिलेला जोर चेंडूबरोबर वर जातो आणि टोकाला संपतो, असं पुष्कळांना वाटतं. हाताचा रेटा पहिल्या उंचवट्यातच संपलेला दिसतो. सुटल्यावर चेंडूवर उरतं ते फक्त त्याचं वजन.

आता हवेचा विरोध परत आणू, कारण त्यात गंमत आहे. हवा नेहमी वेगाच्या उलट ढकलते. वर जाणाऱ्या चेंडूला ती खाली दाबते, म्हणून तेव्हा त्वरण ९.८ पेक्षा थोडं जास्त. खाली येणाऱ्याला ती वर तोलते, म्हणून तेव्हा थोडं कमी. आणि टोकावर? वेग शून्य, म्हणून हवेचा विरोधही शून्य. म्हणजे वारा पडलेला असताना खऱ्याखुऱ्या चेंडूचं त्वरण नेमकं गुरुत्व त्वरणाएवढं जर कुठे असेल, तर ते तू जिथे शून्य लिहिलंस तिथेच.

गॅलिलिओही यात घसरला होता, हे तुला बरं वाटावं म्हणून सांगतो. १६०४ मध्ये त्याने पत्रात लिहिलं होतं की पडणाऱ्या वस्तूचा वेग पार केलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. अंतर नव्हे, वेळ, हे त्याच्या ध्यानात नंतर आलं. १६३८ मध्ये लायडनहून छापलेल्या पुस्तकात त्याने ते नीट मांडलं. सरळ पडणारी वस्तू त्याच्या घड्याळांना झेपत नव्हती, म्हणून त्याने उतरत्या फळीच्या खाचेतून गोळा सोडला आणि भांड्यातून गळालेलं पाणी तोलून वेळ मोजला.

शेवटी एक गणित, तुझी चिन्हांची भीती मोडायला. १९.६ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून दगड १४.७ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. किती वेळाने जमिनीवर पडेल? बहुतेक मुलं याचे दोन तुकडे करतात. वर जायला १.५ सेकंद, तिथे ११ मीटरच्या जरा वर चढतो, मग जवळपास ३०.६ मीटर खाली यायला २.५ सेकंद, एकूण ४. उत्तर बरोबर आहे, पण तुकडे करताना मनात तीच समजूत असते की टोकावर काहीतरी नवीन सुरू होतं. त्वरण सर्वत्र एकच आहे, तर समीकरणही एकच पुरलं पाहिजे. गच्ची शून्य, वरची दिशा धन. जमीन म्हणजे −१९.६. ‘ट’ म्हणजे सेकंदांतली वेळ, आणि ४.९ म्हणजे ९.८ चं निम्मं. मग −१९.६ = १४.७ट − ४.९ट². सगळ्याला ४.९ ने भागलं की ट² − ३ट − ४ = ०. उत्तरं दोन: ४ आणि −१.

वर्गात इथे सगळे −१ वर काट मारतात, ‘वेळ ऋण नसते’ म्हणून. काट मारू नकोस, आधी त्याला विचार तो काय म्हणतोय. समीकरणाला गच्ची, तुझा हात, काहीच माहीत नाही. त्याला फक्त एवढंच माहीत आहे की शून्य सेकंदाला दगड या उंचीवर, या वेगाने वर चाललाय आणि त्याचं त्वरण सतत −९.८ आहे. अशा दगडाचा मागचा प्रवास शोधला तर तो एक सेकंद आधी जमिनीवर असला पाहिजे. तेव्हा त्याचा वेग किती होता? १४.७ अधिक ९.८, म्हणजे २४.५, वरच्या दिशेने. आणि तुझा दगड चौथ्या सेकंदाला जमिनीवर आपटतो तेव्हा वेग किती? १४.७ वजा ३९.२, म्हणजे −२४.५. कोणी खाली अंगणात उभं राहून सेकंदभर आधी २४.५ ने दगड फेकला असता, तर तो तुझ्या गच्चीच्या कठड्याशी बरोबर तुझ्या दगडाच्या वेगाने पोचला असता, आणि तिथून पुढे दोन्ही दगड जोडीने वर गेले असते, जोडीने वळले असते, जोडीने खाली आले असते.